सत्काराच्या आधी सोबत हवी

बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेनं २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाच्या साथीनं महिला दुहेरीचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा सोलापूर जिल्ह्याला टेनिस आठवलं. २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकला गेली, तेव्हा पुन्हा एकदा आठवलं. रिओत ही जोडी पहिल्याच फेरीत चीनच्या जोडीकडून हरली आणि आपल्याकडचा विषय तिथंच मिटला. खेळ मात्र चालूच होता. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात बालेवाडीला महिला संघांच्या बिली जीन किंग कपच्या आशिया-ओशनिया गटाच्या लढती झाल्या, त्या भारतीय संघात प्रार्थना होती. ऑलिंपिकनंतर तब्बल नऊ वर्षांनी. या नऊ वर्षांत ती कोणकोणत्या देशांत खेळली, कुणाच्या जोडीनं खेळली, कधी दुखापतीतून उठली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? 'आपल्या जिल्ह्याची मुलगी' म्हणताना ज्यांची छाती फुगते, त्यांनी मधल्या काळात तिची साधी विचारपूस तरी केली का?

प्रश्न एकट्या प्रार्थनाचा नाही. जागतिक क्रमवारीत दोनशे, चारशे, सातशे अशा क्रमांकांवर वर्षानुवर्षं झुंजणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा आहे. माझं म्हणणं सरळ आहे. या खेळाडूंना पदकानंतरच्या सत्कारापेक्षा पदकाआधीच्या सोबतीची गरज जास्त असते, आणि ही सोबत देणं हे सरकारच्या किंवा संघटनांच्या आधी चाहत्यांचं काम आहे. सोलापूरकरांचं तर नक्कीच, कारण आंतरराष्ट्रीय टेनिस आपल्या दाराशी येऊन गेलेलं आहे.

'चारशेवा नंबर म्हणजे काय नंबर झाला का?' असं लोक सहज म्हणून जातात. म्हणू देत, पण त्या नंबरामागचा हिशोब एकदा बघावा. टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या स्वतंत्र समितीनं २०१८ मध्ये अहवाल दिला. जगात नावाला व्यावसायिक म्हणवणारे खेळाडू सुमारे १५ हजार, आणि त्यातले जेमतेम २५० ते ३५० जण खेळून स्वतःचा खर्च भागवू शकतात, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे चारशेवी खेळाडू ही जगातल्या हजारो मुलींना मागे टाकून आलेली असते, आणि तरीही महिन्याच्या शेवटी तिच्या हातात काही उरत नाही. आपल्या गावातला एखादा डॉक्टर जगातल्या पहिल्या चारशे डॉक्टरांत आहे असं उद्या कळलं, तर आपण त्याला कोणत्या नजरेनं पाहू?

पैशांचं गणित तर डोकं सुन्न करणारं आहे. आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, सगळ्यात खालच्या पायरीवरच्या स्पर्धेत एकूण बक्षिसं १५ हजार डॉलरची असतात. त्यात एकेरी जिंकणाऱ्याला साधारण दोन हजार डॉलरच्या थोडे वर मिळतात, आणि मुख्य फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरणाऱ्याच्या वाट्याला दीडशे डॉलरच्या आसपास येतात. विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, जेवण, रॅकेटला तारा ओढून घेण्याचे पैसे, हे सगळं खिशातून. सोबत प्रशिक्षक न्यायचा म्हटलं, तर प्रत्येक खर्च दुप्पट. म्हणून यातले बहुतेक जण एकटेच फिरतात. सामना एकटीनं खेळायचा, हरल्यावर बॅग एकटीनं भरायची, पुढच्या गावाची बस एकटीनं शोधायची. युरोपातल्या क्लबांच्या लीग सामन्यांतून चार पैसे मिळतात म्हणून काही जण उन्हाळाभर तिकडेच राहतात.

शेजारी क्रिकेट ठेवून पाहा. बीसीसीआयनं २०२१ मध्ये मानधन वाढवल्यापासून रणजी सामन्यात प्रत्यक्ष खेळणाऱ्या नवख्या खेळाडूलाही दिवसाला ४० हजार रुपये मिळू लागले, अनुभवी असेल तर ६० हजार. प्रवास, हॉटेल, फिजिओ हे सगळं संघटनेकडून. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पार्क मैदानावर रणजीचा सामना बघताना मिळालेला आनंद मी विसरलेलो नाही. मुद्दा एवढाच, की क्रिकेटपटू पडला तर खाली जाळी आहे. टेनिसपटू पडली तर खाली तिच्या आई-वडिलांचं बचत खातं आहे.

सुमित नागलचं उदाहरण अजून ताजं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यानं जाहीरपणे सांगितलं, की आपल्या बँक खात्यात फक्त ९०० युरो शिल्लक आहेत. म्हणजे आपले ऐंशी हजारांच्या आसपास रुपये. तेव्हा तो भारताचा एक नंबरचा एकेरी खेळाडू होता. २०१९ च्या यूएस ओपनमध्ये रॉजर फेडररकडून पहिला सेट काढून घेणारा हाच तो मुलगा. त्या रात्री सगळा देश त्याचा चाहता होता. मधल्या चार वर्षांत त्या चाहत्यांपैकी किती जणांना माहीत होतं, की तो खुब्याच्या शस्त्रक्रियेतून जाऊन आला, क्रमवारीत पाचशेच्या खाली घसरला, पुन्हा शून्यातून चढू लागला? ९०० युरोंची बातमी झाल्यावर हळहळ व्यक्त झाली. जानेवारी २०२४ मध्ये तोच नागल पात्रता फेरीतून ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत आला आणि ३१ वं मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला त्यानं सरळ तीन सेटमध्ये हरवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णन यांनी मॅट्स विलँडरला हरवलं होतं. त्यानंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा हा पहिला भारतीय पुरुष. पुढच्याच महिन्यात चेन्नईची चॅलेंजर स्पर्धा जिंकून तो पहिल्या शंभरात पोचला आणि जुलैत ६८ व्या क्रमांकापर्यंत गेला. मग २०२५ मध्ये पुन्हा शंभराबाहेर. आणि आपल्याकडची चर्चा पुन्हा बंद.

इथंच आपल्या कौतुकाच्या पद्धतीतली खोट दिसते. रोख बक्षीस, शाल, श्रीफळ, नोकरीचं आश्वासन, हे सगळं निकाल लागल्यावर येतं. खर्च मात्र निकालाच्या कितीतरी वर्षं आधीपासून चालू असतो. सुगी झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती बियाण्याचे पैसे ठेवावेत, तसा हा प्रकार आहे. आपल्या जिल्ह्यात बरीच माणसं ज्वारी-उसावर जगतात, पेरणीच्या वेळी हातात पैसा नसला की काय होतं, हे इथं कुणाला सांगायला नको.

आता सोबत म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण 'पाठिंबा' म्हणून हात झटकणं सोपं असतं.

ट्युनिशियात मोनास्तिर नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. तिथं वर्षातले बहुतेक आठवडे या खालच्या पातळीच्या स्पर्धा चालू असतात. तिथं सकाळचे दहा वाजतात, तेव्हा सोलापुरात दुपारचे अडीच झालेले असतात. आमच्यापैकी काही जण दुकानात, कुणी ऑफिसच्या कोपऱ्यात, कुणी चहाच्या टपरीवर फोनवर स्कोअर उघडून बसतात. चित्र नाही, आवाज नाही, नुसते आकडे. तिसरा सेट, ४-५, सर्व्हिस आपल्या मुलीची, ३०-४०. म्हणजे मॅच पॉइंट समोरचीकडे, हा गुण गेला की सामना संपला. आकडा हलत नाही. चेंडू वर फेकला असेल, पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली असेल, दुसरी बसली असेल, रॅली चालू असेल, काही कळत नाही. मग ४०-४० उमटतं आणि टपरीवरच्या माणसाच्या तोंडून 'आली गं!' निघतं. शेजारचा विचारतो, काय झालं? काय सांगणार त्याला! अ‍ॅडव्हान्टेज, पुन्हा ड्यूस म्हणजे बरोबरी, पुन्हा अ‍ॅडव्हान्टेज, ५-५. आणि शेवटी ५-७. हरली.

दुसऱ्या दिवशी याची बातमी आलीच, तर एका ओळीची: 'पहिल्याच फेरीत आव्हान संपुष्टात.' ज्यानं ते आकडे मिनिटामिनिटाला पाहिले, त्याला मात्र वेगळंच काहीतरी कळलेलं असतं. समोरची स्पर्धेतली दुसरी मानांकित होती. आपल्या मुलीनं पहिला सेट घेतला होता. मागच्या वर्षी याच आठवड्यात तिनं उपांत्य फेरी गाठली होती, ते गुण आता गळणार, क्रमांक पन्नासेकनं घसरणार, आणि त्यामुळे पुढच्या महिन्यात मुख्य फेरीऐवजी पात्रता फेरीतून सुरुवात करावी लागणार. टेनिसची क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर चालते. गेल्या वर्षीची कमाई दर सोमवारी खात्यातून वजा होत असते. ग्रँड स्लॅम जिंकणारीला २००० गुण मिळतात, १५ हजार डॉलरची स्पर्धा जिंकणारीला १५. हे एकदा समजलं, की चारशेवरून तीनशे ऐंशीवर जाणं ही केवढी चढण आहे ते कळतं, आणि सलग तीन पहिल्या फेऱ्या हरूनही खेळाडू चांगली खेळत असू शकते हेही कळतं. जाणता चाहता तो, ज्याला हार वाचता येते. जिंकलेलं कुणालाही वाचता येतं.

या जाणत्या नजरेला मी एवढं महत्त्व देतो, त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते गोड नाही. या छोट्या सामन्यांकडे आज सगळ्यात बारीक लक्ष कुणाचं असतं? सट्टेबाजांचं. कोर्टाशेजारी पाच माणसं नसतात, पण त्या सामन्याच्या प्रत्येक गुणावर जगभर पैसे लागतात, कारण या स्पर्धांच्या थेट स्कोअरची माहिती सट्टा कंपन्यांपर्यंत विकली गेली. २०१८ च्या त्याच अहवालानं याकडे बोट दाखवलं होतं आणि खालच्या पातळीवरची ही विक्री थांबवा, असं सांगितलं होतं. कमाई तुटपुंजी, प्रेक्षक नाही, आणि एक सेट सोडला तर बक्षिसाच्या कितीतरी पट रक्कम देऊ करणारा माणूस फोनवर. अशा स्थितीत मोहाला बळी पडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण ज्या खेळाडूचा सामना सट्टेवाल्यांखेरीज कुणीच पाहत नाही, तिला आपण कसल्या भरवशावर सोडलेलं असतं, हे तरी मान्य करू.

सट्टा हरलेली माणसं नंतर खेळाडूवर तुटून पडतात. डब्ल्यूटीए ही महिला टेनिसची संघटना आणि आयटीएफ यांनी २०२५ मध्ये जाहीर केलेली आकडेवारी अशी: २०२४ या एका वर्षात ४५८ खेळाडूंना उद्देशून सुमारे ८ हजार शिवीगाळीच्या आणि धमकीच्या पोस्ट झाल्या, आणि त्यांतल्या ४० टक्के संतापलेल्या सट्टेबाजांच्या होत्या. उघड पोस्टचा हा हिशोब झाला. वीस वर्षांची मुलगी परदेशात एकटी, सामना हरून खोलीवर येते, फोन उघडते, आणि तिची आई मरो असं लिहिणारे अनोळखी लोक तिथं वाट पाहत असतात. त्याच फोनवर तिच्या जिल्ह्यातल्या चार जणांचा एक शब्द असेल, की दुसऱ्या सेटमध्ये बॅकहँड छान चालला होता, तर त्यानं जगाचं काही बदलणार नाही. तिच्या त्या संध्याकाळचं मात्र बदलेल.

यावर एक रास्त आक्षेप येतो. चाहत्यांचं लक्ष हेही ओझंच नाही का? आहे. लहान शहरात जास्तच. मुलगी सुट्टीला घरी आली, की दूध आणायला गेली तरी 'काय मग, विम्बल्डन कधी?' हा प्रश्न असतो. अशा विचारण्यानं खेळाडू घरी यायची टाळाटाळ करू लागते. तेव्हा सोबतीलाही काही शिस्त हवी. हरल्यावर कारण विचारू नये. प्रशिक्षक बदल, सर्व्हिस बदल असले सल्ले देऊ नयेत. उत्तराची अपेक्षा ठेवून निरोप पाठवू नये. मोठ्या खेळाडूशी तुलना तर कधीच करू नये. सानियाशी तुलना ऐकून कोणत्या मुलीचं भलं झालं आहे?

दुसरा आक्षेप नेहमीचा: दम असेल तर वर येईलच. याला उत्तर वय देतं. नागल पहिल्या शंभरात पोचला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. लहानपणी पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडलेली अंकिता रैना ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत पहिल्यांदा दुहेरी खेळली ती २०२१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. 'येईलच' म्हणणाऱ्यांनी सांगावं, की अठरा ते अठ्ठावीस या दहा वर्षांत तिनं जगायचं कसं. ज्यांना ही दहा वर्षं परवडली नाहीत, त्यांच्यात दम नव्हता हे आपण कशावरून ठरवलं? त्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत.

टेनिस हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, असंही म्हणतात. बऱ्याच अंशी खरं आहे. पण तो तसा राहावा असं वाटणाऱ्यांनी काही न करता नुसतं बसून राहावं, आपोआप तसाच राहील. खर्च वाटून घेणारे कुणी नसले, की ज्याच्या घरी आहे त्याचीच मुलं टिकतात.

म्हणून सोलापूर काय करू शकतं, ते बोलू. कुमठा नाक्याच्या जिल्हा क्रीडा संकुलात महिलांची २५ हजार डॉलर बक्षिसांची आयटीएफ स्पर्धा झालेली आहे, आणि ती शहरातल्याच उद्योगाच्या पाठबळावर उभी राहिली. ही साधी गोष्ट नाही. भारतीय मुलींना आपल्या देशात, व्हिसा न काढता, रेल्वेच्या तिकिटात जागतिक क्रमवारीचे गुण मिळवता येतात. शिवाय मुख्य फेरीतल्या काही जागा यजमानांच्या हातात असतात, वाइल्ड कार्डच्या, म्हणजे क्रमांक न पाहता थेट प्रवेशाच्या. सहाशेव्या-सातशेव्या क्रमांकाच्या मुलीला हीच जागा वर चढायची पायरी ठरते. महाराष्ट्रात अशा जितक्या स्पर्धा दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात होतील, तितकी मोनास्तिरची विमानं कमी पकडावी लागतील. ती स्पर्धा चालू राहणं ही शहराची प्रतिष्ठा मानली पाहिजे, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेची तारीख जशी कुणाला विचारावी लागत नाही, तशी हिचीही तारीख घरोघरी ठाऊक असली पाहिजे.

तिथं गेलेल्यांना आठवत असेल, खुर्च्या कशा रिकाम्या असतात. अंतिम सामन्याला पाहुणे येतात, व्यासपीठ लागतं, फोटो होतात. पण खरी लढाई पात्रता फेरीत असते. दहा फुटांवरून पाहिली, तर टीव्हीवर कधीच न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. सर्व्हिसच्या आधी मुलगी हातातले तीन चेंडू निरखून त्यातला केस फुललेला एक मागे टाकते, कारण गुळगुळीत चेंडू वेगानं जातो. बाजू बदलताना टॉवेल तोंडावर धरून ती स्वतःशी पुटपुटते. चेंडू इतक्या जोरात येतो, की 'खालच्या पातळीचं टेनिस' हा शब्दच तोंडातून निघू नये. ज्या मुलानं किंवा मुलीनं हे एकदा जवळून पाहिलं, तिला रॅकेट घ्यावीशी वाटेल, आणि नाही घेतली तरी खेळ बघायची नजर येईल.

आपल्या कारखानदारांना आणि सहकारी बँकांना माझं सांगणं आहे, की विजयानंतरच्या धनादेशाऐवजी तीन वर्षांचा करार करा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण क्रमांक घसरला तरी ती थांबणार नाही, असं कागदावर लिहा. दुखापतीच्या सहा महिन्यांत ती दुप्पट करता आली तर उत्तमच. चाहत्यांनाही हे जमण्यासारखं आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली भिशी चालते. वीस घरांनी महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढले, तर वर्षाचे एक लाख वीस हजार होतात. एका होतकरू मुलीच्या काही आठवड्यांच्या हॉटेलचा आणि तारांचा प्रश्न तेवढ्यात सुटतो. हिशोब उघडा ठेवायचा, मुलीकडून निकालाचं वचन घ्यायचं नाही, आणि तिच्या टी-शर्टवर आपलं नाव छापायचा आग्रह धरायचा नाही.

स्थानिक वर्तमानपत्रांकडे तर फारच छोटी मागणी आहे. दर मंगळवारी चार ओळी द्या: नवी क्रमवारी, महाराष्ट्राच्या मुलामुलींचे क्रमांक, या आठवड्यात कोण कुठं खेळतंय. कांद्याचे भाव आपण रोज छापतो आणि लोक रोज वाचतात. पहिल्या फेरीतल्या हारीपुढे समोरचीचं मानांकन आणि तिन्ही सेटचे आकडे द्या, म्हणजे वाचणाऱ्याला हार कशी होती ते कळेल.

आणि पुढच्या खेपेला स्पर्धा लागली, की शाळांना अंतिम सामन्याचं निमंत्रण देऊन थांबू नका. पात्रता फेरी बहुधा रविवारी-सोमवारी असते, मुख्य फेरी मंगळवारपासून. रविवारी सकाळी जा. मुलांना सोबत न्या, कोण कुणाशी खेळणार ते सांगणारा ड्रॉचा कागद हातात द्या, त्यातलं एक नाव त्यांना निवडू द्या, कुणाचंही, अगदी सगळ्यात खालच्या क्रमांकाच्या मुलीचं. ती हरली तरी पुढच्या सोमवारी तिचा क्रमांक किती झाला ते त्यांना शोधायला सांगा, आणि त्याच्या पुढच्या सोमवारीही.